परक्या रणभूमीवर पडलेले पितर

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे घेऊनच मनुष्य जन्मास येतो, असे आपले धर्मशास्त्र सांगते. यांपैकी पितृऋण हे ज्याचे त्याने फेडावयाचे असते. कारण देव आणि ऋषी सर्वांचे समान असले तरी पितर ज्याचे त्याचे निराळे असतात. या ऋणाविषयी गृहस्थाच्या मनात सहसा शंका येत नाही. शंका येते ती पितराच्या आयुष्यातील एखादी गोष्ट वंशजाच्या आजच्या निष्ठेशी जुळेनाशी होते तेव्हा. दोन महायुद्धांत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या घरी ही शंका तीन-चार पिढ्यांपासून वास करून आहे.

पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार पाठविले गेले, आणि या युद्धात ७४,००० हून अधिक भारतीयांना मृत्यू आला. १९३९ ते १९४५ च्या दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. त्यांपैकी ८७,००० हून अधिक मरण पावले. गढवाल, कुमाऊँ, पंजाब, राजपुताना, महाराष्ट्र, म्हैसूर, मद्रास असा एकही प्रांत नाही की जेथील गावांत या युद्धांची आठवण नाही. अनेक खेड्यांच्या चावडीवर वा वेशीजवळ आजही एक लहानशी दगडी पाटी दिसते. या गावातून किती माणसे महायुद्धास गेली आणि त्यांपैकी किती परत आली नाहीत, एवढेच तीवर कोरलेले असते, नावे नसतात. नावे राहिली ती घरात. भिंतीवरील पुसट छायाचित्रात, पेटीच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवलेल्या पदकात आणि आजीच्या तोंडी राहिलेल्या ‘बसरा’ या एका शब्दात.

या पदकाचे काय करावे, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. ते पदक सन्मानाने बाहेर ठेवावे, की पेटीतच राहू द्यावे? पदकावर परक्या राजाचे मुखचित्र आहे. ज्या साम्राज्याच्या सेवेत पणजोबांनी प्राण वेचले त्याच साम्राज्याने १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा केला, आणि पुढच्याच महिन्यात, १३ एप्रिलला, अमृतसरच्या जालियनवाला बागेत निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडविल्या. स्वतंत्र भारताच्या नागरिकाने अशा सेवेचा गौरव करावा काय?

या विषयात तीन पक्ष ऐकू येतात. पहिला पक्ष म्हणतो की, हे लोक पगारासाठी परक्यांची लढाई लढले. मान द्यावयाचा तो देशासाठी तुरुंगात गेलेल्यांना आणि फासावर चढलेल्यांना. दुसरा पक्ष म्हणतो की, युद्ध म्हणजे हिंसा, आणि हिंसा करणाऱ्याचे स्मरण साधकाच्या घरी कशाला? तिसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकाचा आहे. त्याच्या मते आपल्या कुळातील पुरुष शूर होता, त्याने परमुलखात पराक्रम गाजविला, तेवढे पुरे; युद्ध कोणाचे आणि कशासाठी होते, ही चौकशी करणे हाच कुळाचा अपमान. या तिन्ही पक्षांत सत्याचा थोडा थोडा अंश आहे. तथापि एका गोष्टीकडे तिघांचेही दुर्लक्ष झाले आहे. ती गोष्ट अशी की, श्राद्ध निराळे आणि गौरव निराळा.

हा भेद महाभारताने स्पष्ट केला आहे. युद्धारंभी अर्जुनाच्या मनात जी अनेक भये उभी राहिली त्यांत एक भय असे होते की, कुळाचा नाश झाला म्हणजे पितरांना पिंड आणि उदक मिळणार नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायातील या भयाचे उत्तर युद्ध संपल्यावर स्त्रीपर्वात मिळते. रणभूमी प्रेतांनी भरलेली असताना धृतराष्ट्र विचारतो की, ज्यांचे येथे कोणी आप्त आहेत त्यांचे ठीक, पण ज्यांचे कोणीच नाही त्यांचे काय? त्यावर युधिष्ठिर सर्वांचेच अंत्यसंस्कार करण्याची आज्ञा देतो. आपल्या बाजूने लढलेला आणि शत्रूच्या बाजूने लढलेला, असा भेद तो तेथे करीत नाही. पुढे गंगातीरी जलांजली देण्याची वेळ येते तेव्हा कुंती सांगते की, कर्ण हा तुमचा ज्येष्ठ बंधू होता, त्यालाही उदक द्या. कर्ण आयुष्यभर दुर्योधनाच्या पक्षास होता. द्यूतसभेत द्रौपदीला त्याने नको ते शब्द ऐकविले होते. युधिष्ठिराला यांतील काहीही विसरता येण्यासारखे नव्हते. तरीही नाते कळताच त्याने शोक केला आणि कर्णाला उदक दिले. या उदकदानाने कर्णाचा पक्ष न्याय्य ठरला, असे व्यासांनी कोठेही म्हटलेले नाही. आणि पक्ष अन्यायाचा होता म्हणून उदक नाकारावे, असेही कोणी म्हटले नाही.

यावरून गृहस्थाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. श्राद्ध नात्याचे असते. त्यासाठी पितराच्या पुण्याचा हिशेब मागितला जात नाही. उलट, पितराच्या हातून काही उणे घडले असेल तर त्याला वंशजाच्या श्राद्धाची गरज अधिकच. गौरव मात्र गुणाचा करावयाचा असतो, आणि गुण तपासूनच तो करावा लागतो. जो श्राद्धालाही गौरव समजतो तो लाजेने तर्पण टाळतो. जो गौरवालाही श्राद्ध समजतो तो अभिमानाने सत्य झाकतो. दोघेही कर्तव्याला चुकतात.

आपल्या परंपरेने तर शस्त्राने मृत्यू आलेल्या पितरांसाठी स्वतंत्र तिथीच नेमून दिली आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीला, म्हणजे उत्तरेकडील गणनेप्रमाणे आश्विन कृष्ण चतुर्दशीला, शस्त्रादिकांनी मृत झालेल्यांचे श्राद्ध करण्याची चाल आहे. ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिच्यावर संस्कार करण्याचा पालाशविधी आहे. आणि मनुष्य बेपत्ता झाला तर बारा वर्षे वाट पाहून मग तो विधी करावा, असेही सांगितले आहे. ज्या घरी तार आली पण देह आला नाही, किंवा तारही आली नाही, अशा घरांचे दुःख शास्त्रकारांना अपरिचित नव्हते. या तरतुदींत कोठेही, तो कोणत्या राजाच्या सैन्यात होता, असा प्रश्न विचारलेला नाही.

आता गौरवाचा विचार करू. येथे मात्र कर्म तपासले पाहिजे, आणि ते गीतेच्या रीतीने तपासले पाहिजे. अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. जो केवळ कर्त्याकडेच पाहतो त्याला खरे दिसत नाही, असा तेथील अभिप्राय आहे. हा विचार सैनिकाला लावून पाहावा. १९१४ साली युरोपातील राजसत्तांनी युद्ध पुकारले, त्यांत सातारा जिल्ह्यातील वा गढवालच्या डोंगरातील शेतकऱ्याची संमती कोणी विचारली नव्हती. साधनांच्या बाजूने पाहावे तर त्या काळी शिपायाचे वेतन दरमहा ११ रुपये होते, आणि अवर्षणाने गांजलेल्या कोरडवाहू शेतीपुढे ते मोठे वाटत होते. पुढे १९१७–१८ मध्ये पंजाबात तर भरतीसाठी गावोगाव दडपण आणले गेले. तेव्हा साम्राज्याचे सगळे पाप एका शिपायाच्या माथी मारणे हे पाच कारणांपैकी चार दृष्टिआड करण्यासारखे आहे.

पगारासाठी लढले, या आक्षेपाचे उत्तरही महाभारतातच आहे. युद्धारंभी युधिष्ठिर शस्त्रे उतरवून भीष्मांच्या पाया पडावयास गेला तेव्हा भीष्मांनी स्वतःच सांगितले की, मनुष्य अर्थाचा दास होतो आणि कौरवांच्या अर्थाने मी बांधलो गेलो आहे. द्रोण आणि कृप यांनीही तेच सांगितले. भीष्मांच्या या कबुलीत मानभंग आहे, पण असत्य नाही; आणि युधिष्ठिराने ती ऐकूनही त्यांच्या चरणांवरून मस्तक मागे घेतले नाही. राजवाड्यात वाढलेल्या भीष्मांना जे बंधन तोडता आले नाही ते एकर-दीड एकर जमिनीच्या धन्याने तोडावयास हवे होते, असे म्हणण्याचा अधिकार नातवाला कोठून येतो?

शिवाय त्या काळी देशाच्या थोर नेत्यांचीही या प्रश्नावर एकच एक वाट नव्हती. लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली, म्हणजे युद्ध चालू असतानाच, प्रसिद्ध झाला. भारतीयांनी सैन्यात जावे, परंतु त्याबरोबर स्वराज्याचा हक्क मिळावा, असे टिळकांचे म्हणणे होते. आणि १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरने त्यांना बोलू दिले नाही. अहिंसेचे व्रती महात्मा गांधी यांनी त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी हिंडून सैन्यभरतीचा प्रचार केला. ज्या प्रश्नाने अशा पुरुषांना विचारात पाडले त्याचे निर्विवाद उत्तर अठरा वर्षांच्या खेडूत तरुणाकडे असावयास हवे होते, ही अपेक्षा न्यायाची नाही. कर्म, अकर्म आणि विकर्म यांचे स्वरूप जाणणे कठीण आहे, असे भगवंतांनी चौथ्या अध्यायात सांगितले आहे ते अशाच प्रसंगांसाठी.

पक्षाचा दोष बाजूला ठेवून मनुष्याचा गुण पाहता येतो काय? येतो, आणि तो पाहावयास मिळाला तर निःसंकोचपणे वंदावा. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे जी फौज वेढली गेली तीत मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली, तोपर्यंत धान्य संपत आले होते आणि घोडे मारून खाण्याची वेळ आली होती. अनेक भारतीय शिपायांनी अंग गळून गेले तरी बरेच आठवडे ते मांस शिवले नाही. या प्रसंगी आपद्धर्म म्हणून ते खाण्यास हरकत नाही, अशी संमती हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून मागविण्यात आली. शरणागतीनंतर वाळवंटातील वाटचालीत आणि कैदेत कित्येक जण मेले. जीभ आणि प्राण यांवर असा ताबा घरात सुखाने जेवणाऱ्या किती जणांना ठेवता येईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसऱ्या महायुद्धात ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी केलेला पराक्रम प्रसिद्ध आहे. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे. शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर चालून जाण्यापूर्वी त्यांनी जखमी सोबत्यांपैकी एकाला उचलून खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून सुरक्षित जागी आणले. मग पुन्हा परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. त्यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसला परक्या राणीचे नाव आहे, हे खरे. परंतु जखमी मित्राला पाठीवर घेऊन सुरुंगांतून चालणे हा गुण कोणत्याही राणीचा नाही. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचा प्रारंभ भगवंतांनी अभयापासून केला आहे, आणि त्याच यादीत भूतदयाही आहे. एकाच कृतीत हे दोन्ही गुण दिसतात तेव्हा वंदन त्या संपत्तीला घडते. असेच दुसरे नाव कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नायक यशवंत घाडगे यांचे. १० जुलै १९४४ रोजी ते इटलीतच पडले. त्यांची समाधी नाही. कासिनो येथील स्मारकावर केवळ नाव आहे, आणि माणगावी त्यांचा पुतळा आहे. पालाशविधीचे मर्म ज्याला कळले त्याला त्या नावाचे मोल सांगावयास नको.

अहिंसेचा आक्षेप घेणाऱ्यांनी चंद्रसिंह गढवाली यांचे चरित्र पाहावे. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्स आणि मेसोपोटेमिया या दोन्ही रणभूमींवर गेले होते. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरात निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळी चालविण्याची आज्ञा झाली तेव्हा याच जुन्या सैनिकाने आणि त्याच्या गढवाली सोबत्यांनी ती मानली नाही, आणि त्यासाठी दीर्घ कारावास भोगला. शस्त्र कोठे उचलावे आणि कोठे खाली ठेवावे, हे विवेकाने ओळखणारा पुरुष रणांगणावरही घडू शकतो, याचे हे उदाहरण आहे. याच्या समोरच जालियनवाला बाग ठेवावी लागते. तेथे आज्ञा परक्याची असली तरी गोळ्या झाडणारे हात देशी शिपायांचे होते. ज्या घराच्या वाट्याला असा पूर्वज आला असेल त्या घरानेही त्याला उदक द्यावे. पण ते कृत्य मुलांना सांगताना मऊ करू नये. श्राद्धाने पितराचे कल्याण इच्छावे, परंतु त्याच्या चुकीला पुण्याचे नाव देऊ नये.

काही कुटुंबांपुढे याहूनही अवघड प्रसंग आला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो भारतीय सैनिक जपान्यांचे कैदी झाले. त्यांपैकी कित्येक आझाद हिंद सेनेत गेले. कित्येकांनी घेतलेली शपथ मोडली नाही आणि कैदेतील हाल सोसले. एकाच गावातील, क्वचित एकाच घरातील, दोन पुरुष अशा रीतीने परस्परांसमोर उभे राहिले. एकाने देशाची हाक ऐकली, दुसऱ्याने दिलेला शब्द राखला. स्वतंत्र भारताचे हृदय पहिल्याकडे ओढ घेते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या घरातील तर्पणाच्या ताम्हणात दोघांचेही नाव घ्यावयास जागा आहे. गंगातीरी अर्जुनाच्या पुत्राला आणि कर्णाला मिळालेले पाणी एकाच नदीचे होते.

आता हे स्मरण कसे करावे, याचा विचार उरतो. सतराव्या व अठराव्या अध्यायांत श्रद्धा, दान, ज्ञान, कर्म यांचे जसे तीन प्रकार सांगितले आहेत तसेच पितृस्मरणाचेही करता येतील. लाजेने वा आळसाने विस्मरण होऊ देणे, पदक चांदीच्या भावाने मोडून टाकणे, हे तामस. पराक्रमाला तिखटमीठ लावून सांगणे, जातीचा वा कुळाचा तोरा मिरविण्यासाठी छायाचित्रास हार घालणे, हे राजस. पितर जसा होता तसा जाणून, त्याच्या कष्टाबद्दल कृतज्ञ राहून, फळाची अपेक्षा न धरता त्याच्यासाठी कर्तव्य करणे, हे सात्त्विक.

सात्त्विक स्मरणाचा आरंभ सत्यापासून करावा. पितराचे नाव, पलटण, क्रमांक आणि मृत्यूचे स्थळ यांचा शोध घरातील कागदांत घ्यावा. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने जगभरच्या स्मारकांवरील नावे जतन केली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक नावे आहेत. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील स्मारकावर, ज्यांना समाधी लाभली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. इंग्लंडात ब्रायटनजवळच्या टेकडीवर ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन १९१४–१५ मध्ये झाले. सोबत्यांनी त्यांना आपापल्या रीतीप्रमाणे अग्नी दिला, रक्षा समुद्रात सोडली. त्या जागी १९२१ साली संगमरवरी छत्री उभारली गेली आणि दरवर्षी जूनमध्ये तेथे स्मरणसमारंभ होतो. ज्यांना मुलाच्या हातचा अग्नी मिळाला नाही त्यांना सोबत्याच्या हातचा मिळाला. त्या अनामिक सोबत्याचेही नाव न घेता स्मरण करावे.

स्मरण केवळ बंदूक धरणाऱ्यांचेच करू नये. खेचरे हाकणारे, पाणी वाहणारे, डोली उचलणारे, स्वयंपाकी, भंगी, धोबी आणि जहाजावरचे खलाशी यांनाही मृत्यूने वगळले नव्हते. त्यांना पदके थोडी मिळाली आणि पाट्यांवर जागा त्याहूनही थोडी. गीतेच्या समदर्शनाची कसोटी येथे लागते.

त्याचप्रमाणे घरी राहिलेल्या स्त्रीचे स्मरण करावे. पती बसऱ्यास गेला आणि तिने नांगर धरला, मुले वाढविली, पत्र वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी उभी राहिली. तिचा स्वधर्म कोणत्याही साम्राज्याच्या नावाने कलंकित नव्हता. श्राद्धाच्या दिवशी पणजोबांच्या छायाचित्राशेजारी तिची आठवण नसेल तर स्मरण अर्धेच झाले.

आणि शेवटी दान. पितरांच्या नावाने केलेले दान देश, काळ आणि पात्र पाहून करावे, असे भगवंत सांगतात. पूर्वज सैनिक होता तर सैनिकाची विधवा, अपंग जवान, त्यांची शिकणारी मुले यांच्याइतके योग्य पात्र दुसरे कोणते? ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशीचा निधी याच कामी येतो. एखाद्या गावाने आपल्या जुन्या पाटीवरील धूळ झाडून, त्या आकड्यामागील नावे शोधून, त्यांच्या स्मरणार्थ शाळेतील एका मुलाच्या शिक्षणाचा भार उचलला, तर तो दगड बोलू लागेल.

मग त्या पदकाचे काय करावे? ते पेटीतून काढावे, पुसावे, आणि मुलांच्या हाती देऊन सर्व हकीकत सांगावी: हा चेहरा परक्या राजाचा आहे, हे युद्ध आपले नव्हते, पण ज्याने हे छातीवर वागविले तो आपला होता, त्याने भूक सोसली, थंडी सोसली, सोबत्याला टाकले नाही, आणि तो परत आला नाही. एवढे सांगून चतुर्दशीला त्याच्या नावाने तिळोदक द्यावे. त्याच ओंजळीतले थोडे पाणी त्याच्या समोरच्या खंदकात मेलेल्या, कोणत्याही नावाच्या, कोणाच्याही मुलासाठी सोडावे. युधिष्ठिराने तेच केले होते.